टाचेला खेळ नको

४ सप्टेंबर

सायकल क्लबच्या बाईंनी सांगितलंय, राग आला की लिहायचं. कुणावर आला, कशावरून आला, पुढे काय झालं. या बाई लोकांचे राग उतरवतात म्हणे. मला त्यांच्याकडे धाडलं, कारण गेल्या रविवारी शर्यत सुरू करून देणाऱ्या माणसाचं नाक माझ्या हातून मोडलं. "माझ्या हातून मोडलं" नाही, "मी मोडलं" असं लिहा, असं बाईंचं म्हणणं. बरं, मी मोडलं. त्याने शिट्टी फुंकली तेव्हा माझ्या पोरीचा एक पाय अजून जमिनीवर होता. ती सुटायच्या आत बाकीच्या निघून गेल्या. मी जाऊन विचारलं, डोळे गहाण ठेवलेत का? तो म्हणाला, आवाज खाली. मग मी न बोलता ठोसा दिला. रक्त पांढऱ्या सदऱ्यावरून पार पट्ट्यापर्यंत आलं. एवढं मोठं नाक, पण मोडायला काटकीइतकं सोपं.

आता क्लबचा हुकूम असा की पुन्हा कुणाची तक्रार आली तर मला मैदानात पाऊल टाकता येणार नाही. आठ नोव्हेंबरला पोरीची निवडीची शर्यत आहे. त्यात पहिल्या तिघींत आली की ती मोठ्या संघात जाईल. मी नसेन तर ती पहिल्या तिसांतही यायची नाही. म्हणून ही वही. बाई ती वाचत नाहीत, पानं भरली का एवढंच बघतात.

बाईंना मी सांगितलं, माझा राग दुधासारखा आहे, उतू जातो आणि लगेच खाली बसतो. त्या म्हणाल्या, आणि शेगडी कोण पुसतं? मी म्हटलं, आमची ही. त्यांनी काहीतरी टिपून घेतलं.

६ सप्टेंबर

आज राग आला नाही. दुकान चांगलं चाललं की मला राग येत नाही.

माझं दुकान सायकलींच्या सुट्या भागांचं, पण नाव आहे ते पायडलांसाठी. एक अख्खी भिंत पायडलांची. गिऱ्हाईक आलं की मी आधी त्याचे बूट बघतो, मग चाल, आणि मग विचारतो, पडायला भिता का? आज एक रिटायर मास्तर आले. त्यांना शर्यतीची पायडलं हवी होती, कुठेतरी चित्रात बघितलेली. मी म्हटलं, गुरुजी, तुम्ही दर चौकात पाय टेकणार, ओळखीचा भेटला की थांबणार. तुम्हाला रुंद, सपाट, रबराचं पायडल. चपलेवरही चालतं. ते खूश होऊन गेले.

नंतर एक माकड आलं. डोंगरातून उड्या मारत सायकल उतरवणाऱ्यांना मी माकडं म्हणतो. यांची पायडलंही सपाटच, पण वर बारीक खिळे उभे असतात, बूट घसरू नये म्हणून. तरी घसरलाच तर पायडल गरकन फिरून नडगीवर येतं. याच्या नडगीवर ओळीने भोकं पडलेली, रक्त मोज्यात उतरलेलं, आणि पठ्ठ्या दात काढून हसतोय. मी कापूस दिला आणि म्हटलं, बाबा रे, लाज नाही तर निदान नडगीपट्टी तरी बांध.

आणि शर्यतीवाल्याला क्लिपचं पायडल. त्याच्या बुटाच्या तळव्याला एक पट्टी असते, ती पायडलमध्ये खटकन बसते. पाय आणि सायकल एक होतात. सोडवायचं तर टाच बाहेर झटकायची. पट्टीतही दोन जाती. लाल पट्टीत टाच जराशी इकडेतिकडे हलते, तिला आम्ही खेळ म्हणतो. काळ्या पट्टीत खेळ नाही. टाच बसली ती बसली. सगळा जोर चाकात जातो, वाया काही जात नाही.

माणसाचा स्वभाव बघायचा, त्याची चालवायची तऱ्हा बघायची आणि मग पायडल द्यायचं, हा माझा धर्म. माझ्या पोरीला, भिंगरीला, मी काळी पट्टी लावली तेव्हा ती तेरा वर्षांची होती. आता एकोणीसची आहे. तिच्या पायांना भिंगरी आहे म्हणून हे नाव मीच ठेवलं. तिला काय हवं ते विचारायची कधी गरज पडली नाही. माझंच रक्त ते.

१२ सप्टेंबर

राग आला. भिंगरीवर.

दुकानामागच्या खोलीत सायकल स्टँडवर चढवून तिच्याकडून जोर काढून घेत होतो. मधेच म्हणाली, "बाबा, गुडघा दुखतोय. आतल्या बाजूने."

"दुखणारच. पाळण्यात बसलीयेस का झोके घ्यायला?"

"तसं नाही. कुणी आत सुरी फिरवतंय असं वाटतं."

आणि टाच झटकून तिने पाय मोकळा केला. मी थांब म्हणायच्या आत. मी एक ठेवून दिली. गालावर बोटं उठली. ती रडली नाही, यातच तिचं शिक्षण दिसतं. पाय परत पायडलवर ठेवला, खटकन आवाज आला, आणि तिने उरलेला जोर पुरा केला. मी म्हटलं, शाब्बास.

ही दारात उभी होती. तिने दार लोटून घेतलं. इतक्या वर्षांनी का होईना, शिकवणीच्या मध्ये पडू नये एवढी समज तिला आली आहे. आणि क्लबचा हुकूम मैदानापुरता. घरात मी बाप आहे.

२० सप्टेंबर

हिने हट्ट धरला म्हणून पोरीला गुडघ्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. डॉक्टरीण माझ्या भाचीच्या वयाची. तिने भिंगरीला खोलीत चालायला लावलं, मग टेबलाच्या काठावर बसवून पाय लोंबकळू दिले.

"हिची टाच मुळातच आत वळते," ती म्हणाली. "तुम्ही ती सरळ बांधून ठेवता. मग जे टाचेत वळायचं ते गुडघ्यात वळतं. निदान खेळ असलेली पट्टी लावा. नाहीतर काही महिने साध्या सपाट पायडलवर चालवू दे."

मी म्हटलं, "आणि शर्यत?"

"एक जोराचा पीळ बसला की हा गुडघा जाईल. मग शर्यत काय, जिना चढणंही जड जाईल. स्पष्ट सांगते."

मी विचारलं, तुम्ही स्वतः कधी शर्यत चालवलीत? ती म्हणाली, नाही. झालं तर मग. पाण्यात न उतरता पोहायला शिकवणारे पुष्कळ भेटतात. टेबलावर तिचा तो प्लास्टिकचा गुडघा होता, तो उठताना माझ्या कोपराने खाली पडला. दोन तुकडे झाले. मुद्दाम पाडला नाही.

बाहेर आल्यावर भिंगरीने विचारलं, "मग लाल लावायची का, बाबा?" मी नुसतं तिच्याकडे बघितलं. तिने परत विचारलं नाही.

५ ऑक्टोबर

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला आहे.

आज भिंगरी बाहेरच्या पायरीवर बसून पायावर पाणी ओतत होती. मी मागून आलो. तिच्या डाव्या नडगीवर ओळीने भोकं. चार, खाली पुन्हा चार. एका ठिकाणी कातडी सोलून लोंबत होती. मला बघताच तिने पाय पोटाशी घेतला.

"कुणी केलं हे?"

"पडले."

"पडल्यावर अशी भोकं पडतात? कुणी मारलं तुला? तारेने मारलं?"

"कुणी नाही मारलं, बाबा. खरंच पडले."

ती मागे सरकत भिंतीला टेकली. एवढी घाबरली आहे म्हणजे नक्की कुणीतरी धमकावलं आहे. माझ्या पोरीला? जिच्या अंगाला परक्याचा वारा लागू दिला नाही, तिला? हिला विचारलं तर ही पण जमिनीकडे बघत राहिली. मी ताटली उचलून भिंतीवर फेकली. तेव्हा कुठे बोलली की पोरगी दुपारची टकल्याच्या टेकडीवर जाते.

टकल्या माझ्याबरोबर शर्यती चालवायचा. नेहमी माझ्या मागे. आता टेकडीवर माकडांना शिकवतो. माझ्याशी कधी जिंकला नाही, त्याचा सूड पोरीवर काढतोय. दुसरं काय असणार?

९ ऑक्टोबर

गेलो. बाई म्हणतात, निघण्याआधी शंभर आकडे मोजा. मी वाटेभर मोजत गेलो, त्याने पायांना लय आली.

टकल्या टेकडीच्या पायथ्याशी एका सायकलीचं चाक बसवत होता. मला बघून हसला. "अरे, ये लेका. किती दिवसांनी."

मी त्याच्या हसण्यावरच हात चालवला. दोन दात पडले, एक त्याच्याच बोटांवर पडला. तो खाली कोसळला, मी छातीवर बसलो आणि विचारत राहिलो, माझ्या पोरीला काय केलंस? तो तोंडात रक्त घेऊन म्हणत होता, "वर बघ. वर बघ रे."

मी वर बघितलं. भिंगरी येत होती. उभ्या उतारावरून, दगडांवरून, सायकलीवर उभी. एका खडकावरून सायकल सुटली आणि दोन्ही चाकं हवेत. तिचे पाय नुसते पायडलांवर टेकलेले, कशाला बांधलेले नाहीत. गुडघे स्प्रिंगसारखे वाकत होते, आणि ती मोठ्याने हसत होती. इतकी मोठ्याने हसते हे मला ठाऊक नव्हतं. मग तिने मला बघितलं. हसणं गपकन बंद झालं, बूट सटकला आणि पायडल गरकन फिरून नडगीवर आलं. माझ्या डोळ्यांदेखत चार भोकं.

म्हणजे तेच ते. खिळ्यांचं पायडल. अख्ख्या गावाला मी ती विकतो, आणि स्वतःच्या घरात ओळखता आली नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

ती सायकल टाकून टकल्याजवळ गुडघ्यावर बसली. आपल्या बाहीने त्याचं तोंड पुसायला लागली. बाप तिथे उभा, त्याच्या मुठीतून रक्त गळतंय, ते दिसलं नाही.

टकल्या म्हणाला, "तिचा गुडघा इथे दुखत नाही. एवढंच तिला हवं होतं. तुझ्या शर्यतीला ती येणारच होती."

चोराच्या उलट्या बोंबा. ती माकडांची सायकल मी खांद्यावर टाकून घरी आणली.

१० ऑक्टोबर

हात बांधलेला आहे म्हणून अक्षर वाकडं.

काल आल्याआल्या ती खिळ्यांची पायडलं काढायला घेतली. उजवं निघालं. डावं निघेना. मी पाना लावून जोर केला, आणखी जोर केला, पाय देऊन जोर केला. डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं, सरळ फिरवलं की सुटत नाही, उलट आवळतं. दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की पहिली गोष्ट मी हीच शिकवतो. काल रागात विसरलो. पाना सटकला आणि मूठ दात्यांच्या चक्रावर आपटली. तीन बोटांची सालं निघाली, एकात पांढरं दिसत होतं.

ही औषध घेऊन आली. हळूच म्हणाली, "अहो, डावं उलटं फिरतं ना?"

तेवढंच. पण कोणत्या वेळी काय बोलावं याला काही माप आहे की नाही? मी पाना भिंतीवर मारला. ही मध्ये होती. खांद्याला लागला. हाड मोडलं नाही, हात वर होतोय थोडा. डॉक्टरांना तिने सांगितलं, कपाटाच्या वरून डबा पडला. मी तिला असं सांगायला सांगितलं नव्हतं, तिने आपणहून सांगितलं. संसार असा चालतो.

११ ऑक्टोबर

चांगली बातमी. भिंगरी ताळ्यावर आली.

सकाळी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले, पण आवाज स्थिर. म्हणाली, "शर्यत चालवते. तुम्ही म्हणाल ती पायडलं, तुम्ही म्हणाल ती पट्टी. टेकडीवर जाणार नाही. टेकडीवरच्या काकांनाही सांगितलंय, ते क्लबात तक्रार करणार नाहीत. पण आईला हात लावायचा नाही. कध्धीच नाही."

मी म्हटलं, "अगं, पाना भिंतीला मारला होता."

"आईला हात लावायचा नाही," ती पुन्हा म्हणाली.

मला जरा हसूच आलं. सौदा करायलाही बापाकडूनच शिकली. मी कबूल केलं. टकल्याने तक्रार केली नाही, म्हणजे त्याला आपली चूक समजली असणार. दोन दातांत माणूस सुधारला.

२६ ऑक्टोबर

राग नाही. घरात कमालीची शांतता आहे. बाईंना सांगितलं तर त्या खूश व्हायच्या ऐवजी विचारत बसल्या, शांतता कशी आहे? शांतता कशी असते? शांत असते.

भिंगरीचे पाय काय चाललेत! मागच्या खोलीत चाकाचा असा घोंघाट होतो की शेजारचा शिंपी भिंत ठोकतो. गुडघ्याचं नाव काढत नाही. जोर संपला की सायकलीवरून उतरताना भिंत धरते, एवढंच. रात्रीचं जेवण आपल्या खोलीत घेते, आई तिच्याजवळ बसते. दोघींचं काहीतरी हळू हळू चालतं. मी गेलो की विषय संपलेला असतो. बायकांचं काय असतं, त्यांचं त्यांना माहीत.

एकदा मात्र राग यायची वेळ आली होती. तिचे बूट पुसताना बघितलं, पट्टीचे स्क्रू अर्धे सैल केलेले. म्हणजे टाच चोरून थोडी हलवते आहे. मी काही बोललो नाही, हात तर मुळीच उचलला नाही. शब्द म्हणजे शब्द. स्क्रू परत आवळून टाकले.

९ नोव्हेंबर

काल शर्यत झाली. जे झालं ते झालं तसं लिहितो, कारण लोक आता वाटेल ते बोलतील.

सकाळी ती तोंड धुवायला गेली तेव्हा मी तिच्या पायडलांची स्प्रिंग आवळली. पायडलच्या मागे बारीक स्क्रू असतो, तो जितका आवळावा तितकी पकड घट्ट. मागच्या आठवड्यात भर जोरात तिचा पाय एकदा निसटला होता. म्हणून शेवटपर्यंत आवळला. तिला सांगितलं नाही. ऐन शर्यतीच्या तोंडावर जिवाला घोर कशाला?

शेवटच्या फेरीला ती दुसरी होती. दुसरी! मी दोरीपाशी उभा राहून घसा फाटेस्तोवर ओरडत होतो. वळणावर पुढची पोरगी आत घुसली, चाकाला चाक लागलं. भिंगरी डाव्या अंगावर आपटली. तिचा पाय सुटला नाही. सायकल तिच्यावरून उलटली आणि पाय सायकलीबरोबर फिरला. मागच्या तिघी त्या ढिगावर येऊन आदळल्या. हाडामांसाचा आणि लोखंडाचा एकच आवाज झाला.

मी दोरी ओलांडून धावलो. आधी त्या पुढच्या पोरीकडे गेलो. हेल्मेटच्या पट्ट्याला धरून उभी केली आणि दोन ठेवून दिल्या. तिच्या ओठातून रक्त आलं. लोकांनी मला ओढून काढलं. त्यात थोडा वेळ गेला, हे मान्य.

मग भिंगरीकडे. तिचा चेहरा रक्ताने आणि खडीने भरलेला होता, पण तिचं लक्ष पायाकडे. पाऊल अजून पायडलमध्येच, आणि गुडघ्याखालचा पाय भलत्याच दिशेला. ती टाच झटकायचा प्रयत्न करत होती आणि दरवेळी किंचाळत होती.

"बाबा, ओढू नका. हात लावू नका. बाबा, नका."

मी बाप आहे. पोर अडकली तर बाप सोडवणार नाही? मी पोटरी धरून जोराने हिसका दिला. सुटेना. दुसरा दिला. आत काहीतरी तुटलं, ओलं फडकं फाडावं तसं. ती ओरडायची थांबली, नुसतं तोंड उघडं राहिलं.

टकल्या कुठून आला कोण जाणे. मला खांद्याने बाजूला ढकललं. खाली बसला, तिच्या बुटाचा पट्टा सोडला, बूट फाकवला आणि पाऊल अलगद बाहेर काढलं. बूट तसाच पायडलमध्ये अडकून राहिला.

एवढंच करायचं होतं. बुटाचा पट्टा. मी आयुष्यभर हेच बूट विकले.

१५ नोव्हेंबर

गुडघ्यातल्या दोन्ही शिरा, म्हणजे हाडं धरून ठेवणारे पट्टे, तुटले आहेत. आतली गादीही फाटली. एक शस्त्रक्रिया झाली, दुसरी व्हायची आहे. चालेल, पण लंगडत. सायकल नाही. हे सगळं त्याच डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. माझ्याकडे न बघता, हिच्याकडे बघून.

क्लबची माणसं चौकशीला इस्पितळात आली. स्प्रिंग शेवटपर्यंत आवळलेली होती, कुणी आवळली असं त्यांनी विचारलं. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. भिंगरीने माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "मीच."

माझे डोळे भरून आले. बाहेर आल्यावर हिला म्हटलं, "बघितलंस? बापाला वाचवलं पोरीने. रक्ताचं नातं म्हणतात ते हे."

ही भिंतीला टेकून उभी होती. लग्नापासून तिने माझ्याकडे असं रोखून बघितल्याचं आठवत नाही.

"तुम्हाला नाही वाचवलं तिने," ती म्हणाली. "खोलीत क्लबची तीन माणसं होती, ती नर्स होती, मी होते. तुमचं नाव घेतलं असतं तर तुम्ही कुणाकुणावर धावला असता, ते तिने मोजलं. तुम्ही दिसलात की ती नेहमी आधी तेच मोजते. मीही तेच मोजते."

  मूठ वळली होती, ती पाठीमागे धरली. त्या मुठीकडे ही बघत होती.

त्या दुसऱ्या पोरीच्या बापाने तक्रार केली. मैदान मला बंद झालं. आता मैदानात जाऊन तरी मी काय करणार होतो?

१९ नोव्हेंबर

दुकान उघडलं नाही. स्प्रिंग मी आवळली, हे कुणाला तरी सांगावं असं वाटतं. बाईंना सांगायला गेलो होतो. त्यांच्या खोलीबाहेर बसलो, आत कुणीतरी हुंदके देऊन रडत होतं. माझी पाळी यायच्या आत उठून आलो.

३० नोव्हेंबर

भिंगरीला आज घरी सोडलं. पण घरी म्हणजे तिच्या मावशीच्या घरी. हे मला आज सकाळी कळलं. ती फक्त कपडे घ्यायला येणार होती, आणि आईला. ही तिच्याबरोबर जाते आहे. पिशव्या दारात भरून ठेवलेल्या होत्या, कुठल्या दिवशी भरल्या कोण जाणे. मला कशात काही दिसलं नाही.

मावशी खाली गाडीत बसून होती. भिंगरी एका कुबडीवर भार देऊन दारात उभी होती. पाय मांडीपासून घोट्यापर्यंत पट्ट्यांत बांधलेला. बारीक झाली आहे. मी ठरवलं होतं, ओरडायचं नाही, अडवायचं नाही, आणि खरंच अडवलं नाही. म्हटलं, "स्प्रिंग मी आवळली होती."

ती म्हणाली, "माहीत आहे, बाबा. पाय सुटेना तेव्हाच कळलं."

ती "बाबा" म्हणाली, म्हणून मी दोन पावलं पुढे गेलो आणि हात उचलला.

तिने कुबडी फिरवली. दोन्ही हातांनी, सगळा जोर लावून. फटका माझ्या डोळ्याखाली बसला, गालाचं हाड कडकन वाजलं, आणि मी दाराच्या चौकटीवर आदळून खाली बसलो. तोंडात रक्त आलं. ती दुखऱ्या पायावर उभी राहून पांढरीफटक पडली होती, पण कुबडी तशीच उगारलेली, पुढच्या तडाख्याला तयार. आई तिच्या मागे नव्हती. आई तिच्या पुढे येऊन उभी राहिली होती, तो दुखरा खांदा माझ्याकडे करून.

मी म्हणालो, "अगं, डोक्यावर हात ठेवणार होतो."

 ही खाली वाकून पिशव्या घ्यायला लागली, माझ्यावरची नजर न काढता. दोघी जिन्याने उतरल्या. एकेका पायरीवर थांबत, खूप वेळ लागला त्यांना. मी वरून ऐकत होतो.

आता गाल सुजून डोळा मिटला आहे, एका डोळ्याने लिहितो आहे. बाईंनी सांगितलंय, झालं तसं लिहायचं. तर लिहितो. डोक्यावर हात ठेवणार होतो, असं मी त्यांना सांगितलं. पण हात वर गेला तेव्हा तो कशासाठी चालला होता, ते मला माहीत नव्हतं. अजूनही सांगता येत नाही.